पिकासोकृत गर्ट्रूड स्टाइनचे व्यक्तिचित्र : चेहऱ्याचा प्रश्न

पाब्लो पिकासो याने १९०५-०६ मध्ये पॅरिस येथे रंगविलेले अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइन हिचे व्यक्तिचित्र कलेतिहासात बहुधा एका पायरीसारखे येते. गुलाबी कालखंड संपतो, चेहऱ्याचा मुखवटा होतो, पुढे १९०७ मधील ‘आव्हिन्यॉच्या तरुणी’ आणि त्यानंतर घनवाद. हा क्रम चुकीचा नव्हे. परंतु त्यात चित्रातील स्त्री हरवते. व्यक्तिचित्राच्या मूल्यमापनातून व्यक्तीच गळावी, ही समीक्षेची मोठी उणीव होय.

स्टाइनच्या सांगण्यानुसार मोंमार्त्रमधील चित्रशाळेत या चित्रासाठी ऐंशी-नव्वद बैठका झाल्या. हा आकडा तिच्याच १९३३ च्या आत्मकथनातील, आणि तेही तिने आपल्या सहचारिणीच्या मुखातून वदविलेले. त्यामुळे तो जपूनच स्वीकारावा लागतो. १९०६ च्या वसंतात पिकासोने रंगविलेला चेहरा पुसून टाकला, उन्हाळा स्पेनमधील गोसोल या डोंगरी गावी काढला आणि परतल्यावर स्टाइन समोर नसताना तो नव्याने रंगविला. लूव्र संग्रहालयातील प्राचीन इबेरियन शिल्पांचा ठसा या चेहऱ्यावर आहे, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही.

मात्र ‘मुखवटा’ हा शब्द येथे पुरेसा ठरत नाही. मुखवटा झाकतो, हा चेहरा झाकत नाही. जड पापण्यांचे, एकमेकांशी नीटसे न जुळणारे डोळे पाहणाऱ्याच्या नजरेला नजर न देता बाजूला स्थिरावले आहेत. खाली तपकिरी वस्त्रांतील भारदस्त देह किंचित पुढे झुकलेला, हात मांड्यांवर टेकलेले. अँग्रच्या ‘मस्यू बेर्तँ’ (१८३२) या चित्रातील वृत्तपत्रमालकाची बैठक येथे आठवते, आणि ती साहजिकच आठवते. सत्ताधारी पुरुषासाठी राखून ठेवलेली ही बैठक पिकासोने एका स्त्रीला दिली. स्त्रीच्या व्यक्तिचित्राकडून अपेक्षित लालित्य, आर्जव, पेहरावाची मिरवणूक यांना येथे जवळजवळ थारा नाही. गळ्याजवळचा पांढरा रुमाल आणि त्यावरील लहानसा पोवळ्याचा अलंकार, एवढीच काय ती सूट!

देह प्रत्यक्ष पाहून रंगविलेला, चेहरा स्मरणातून. या दोहोंमधील सांधा चित्रात लपत नाही. काहींना तो दोष वाटतो. वस्तुतः दीर्घकाळ निरखलेली व्यक्ती नजरेआड झाल्यावर मनात जे उरते, तेच या चेहऱ्यात आहे. हुबेहूबपणाच्या निकषावर तो उणा ठरेल. परंतु स्टाइनची ओळख म्हणून तिच्या कोणत्याही छायाचित्राइतकाच तो आज डोळ्यांसमोर येतो.

स्वतः स्टाइनचा कौल तिच्या व्यवहारात दिसतो. सेझानने रंगविलेले आपल्या पत्नीचे व्यक्तिचित्र तिच्या संग्रहात होते. ते तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकले. पिकासोने काढलेले स्वतःचे चित्र मात्र तिने १९४६ मधील मृत्यूपर्यंत जवळ ठेवले आणि मृत्युपत्रान्वये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास दिले.