कात्रीला विषय हवा

दिवाळीच्या तोंडावर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेच्या बाजारपेठेतून एक फेरी मारली, की आपल्या कागदकलेची आजची अवस्था बरीचशी कळते. दुकानांपुढे टांगलेले बहुतेक आकाशकंदील साच्यावर कापलेले, घडी उघडली की उभे राहणारे, नाहीतर कापडाचे किंवा प्लास्टिकचे. कामट्या बांधून, पतंगी कागद ताणून, खळीने चिकटवलेला आणि खाली झिरमिळ्या सोडलेला कंदील आता एखाद्या हौशी घरात किंवा शाळेत कार्यानुभवाच्या तासालाच तयार होतो. दुसरीकडे, याच गावातली शाळकरी मुलं मोबाइलवर क्विलिंगची (कागदी पट्ट्या गुंडाळून केलेली) फुलं, ओरिगामीचे ड्रॅगन, थरांचं कातरकाम बघतात आणि पाहून पाहून हुबेहूब करून दाखवतात. म्हणजे हात गेलेला नाही, उलट पूर्वीपेक्षा तयार आहे. माझी तक्रार वेगळी आहे. या तयार हाताला सांगण्यासारखं काही आपण देत नाही. महाराष्ट्रात कागदाचं काम ज्या वेगाने वाढलं, त्या वेगाने त्यातला विषय वाढला नाही.

कागद पुणे जिल्ह्याला परका नाही. जुन्नरला हातकागदाचा धंदा होता. पेशवे दफ्तरातल्या रुमालांमध्ये, म्हणजे कापडी बासनांत, जुन्नरी आणि दौलताबादी कागद आजही टिकून आहे. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. 1940 साली गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी पुण्यात हातकागद संस्था उभी केली. आणि त्याच जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या डॉ. अनिल अवचटांनी (1944–2022) ओरिगामी मराठी घराघरांत नेली. जपानी चौकोनी कागदच हवा, असा त्यांचा हट्ट नव्हता. जाहिरातीचं पत्रक, मासिकाचं पान, हाताला लागेल तो कागद ते घडी घालायला घेत आणि तयार झालेली वस्तू समोरच्या मुलाला देऊन टाकत. ‘छंदांविषयी’ या पुस्तकात त्यांनी करण्याचा आनंद ज्या मोकळेपणाने मांडला, तसा मराठीत क्वचितच कोणी मांडला असेल. हे ऋण मोठं आहे. पण त्यांच्यानंतर आपण कागदाला छंद म्हणून जे कौतुकाने कोपऱ्यात बसवलं, ते तिथेच राहिलं. छंदाची कोणी समीक्षा करत नाही. त्यामुळे कागदकाम चांगलं की सुमार, हे आपल्याकडे कोणी मोठ्याने बोलतच नाही.

ते बोलायला हवं. सुरुवात ओरिगामीपासूनच करू. जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा यांनी घड्यांसाठी बाण आणि तुटक रेघांची जी खुणांची लिपी रुळवली, तिला भाषा लागत नाही. म्हणून टोकियोतली रचना शिरूरमधलं मूल दुपारभरात शिकतं. पुणे-मुंबईत ‘ओरिगामी मित्र’ हा गट ‘वंडरफोल्ड’ प्रदर्शनं भरवत आला आहे, तिथे घडीची सफाई थक्क करते. पण घडी घालणं आणि रचना करणं ही दोन कामं आहेत. गाण्यात बंदिश कोणाची आणि गायली कोणी, हे आपण वेगळं ओळखतो. कागदात ते ओळखत नाही. शाळांच्या, गणेश मंडळांच्या, हौशी वर्गांच्या प्रदर्शनांत घडी घालणाऱ्याचं नाव असतं, मूळ रचनाकाराचं बहुधा नसतं. रॉबर्ट लँगसारखा ओरिगामी रचनाकार एका चौकोनातून किड्याचे सहा पाय आणि मिशा काढण्यासाठी आधी गणित मांडतो, मग कागद हातात घेतो. ते कष्ट पाटीवर दिसले नाहीत, तर आपल्या मुलांना स्वतःची रचना करावीशी तरी का वाटेल? आणि गणिताची ही वाट आपल्याकडे नवी नाही. टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक 1893 साली मद्रासला निघालं होतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रातून अरविंद गुप्तांनी टाकाऊ कागदातून विज्ञान शिकवलं. त्या धाग्यातून सुंदर शिक्षण उभं राहिलं, चित्रकला मात्र फारशी उभी राहिली नाही.

मला आजच्या महाराष्ट्रातलं सर्वांत महत्त्वाचं कागदकाम विचाराल, तर मी निभा सिकंदर यांचं नाव घेईन. मुरुड-जंजिऱ्याला राहून त्या आसपासचे पतंग, कीटक, पक्षी यांचे कागदी देह घडवतात. 2019 साली मुंबईच्या ‘टार्क’ गॅलरीत त्यांचं ‘वाँडरिंग व्हायोलिन मँटिस’ हे प्रदर्शन झालं. रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून, एकावर एक थर देऊन त्या पिसाची किंवा पंखाची घनता आणतात. इतकंच असतं तर मी त्याला उत्तम कारागिरी म्हटलं असतं. पण काही कामांत त्या पूर्ण झालेल्या जीवाशेजारी त्याचे सुटे भाग ओळीने मांडतात: हा पंखाचा तळ, ही त्यावरची शीर, हा डोळ्याचा ठिपका. बघणाऱ्याला मग एक पतंग दोनदा बघावा लागतो, आधी जीव म्हणून आणि मग रचना म्हणून. तिथे कात्रीची करामत मागे पडते आणि निरीक्षण पुढे येतं. किड्याकडे आधी महिनोन्‌महिने पाहिलेलं असल्याशिवाय असा तुकडा कापताच येणार नाही. माझ्या दृष्टीने कसोटी हीच आहे. किती थर, किती बारीक काप, किती तास लागले, हे आकडे प्रदर्शनात मोठ्या अक्षरांत लिहिले जातात आणि प्रेक्षकही त्यांनाच दाद देतात. त्या आकड्यांवरून काम मोठं ठरत नाही.

चित्रकथनाच्या, जाहिरातीच्या बाजूला मुंबईच्या सबीना कार्णिक यांनी कागदी अक्षरांचं काम देशाबाहेर पोचवलं. कागदाची पट्टी कडेवर उभी करून त्या रेघ काढतात, त्यामुळे रेघेला उंची येते आणि सावली पडते. रंगसंगतीची त्यांची जाण मोठी आहे. या तंत्राचा विचार करताना मला राहून राहून देवनागरी दिसते. शिरोरेषा म्हणजे एक लांब ताठ पट्टी, तिला लटकलेले काने, आणि ‘ळ’, ‘श’, ‘क्ष’ यांची वळणं: उभ्या पट्टीला याहून जवळची लिपी कुठली? आपल्याकडे क्विलिंग शिकलेले असंख्य हात आहेत, पण त्यांतून बाहेर पडतात ते कानातले झुमके आणि इंग्रजी शुभेच्छापत्रं. मराठी पुस्तकाचं शीर्षक या पद्धतीने क्वचितच कोणी घडवून घेतं.

दोष हातांचा नाही, काम सांगणाऱ्यांचा आहे. मराठी संपादकांना कागदाची ताकद एकेकाळी पक्की माहीत होती. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ दिवाळी अंकातल्या खिडक्या आठवा. पानाला चौकट कापलेली, तिच्यातून मागच्या पानाचा तुकडा दिसतो, वाचक भलतंच समजतो, पान उलटतो आणि चित्र निरागस निघतं. विनोद शाईत जेवढा, तेवढाच कापलेल्या कागदात. जगात ज्याला ‘पेपर इंजिनिअरिंग’ म्हणतात, ते मराठी वाचक गेल्या शतकाच्या मध्यापासून मांडीवर घेऊन हसत होता. त्या खिडकीचा बालसाहित्यात, कवितेत, विज्ञानाच्या पुस्तकात विस्तार व्हायला हवा होता. तो जवळजवळ झाला नाही. साच्याचा खर्च खरा आहे, बांधणीची कटकट खरी आहे. पण लग्नपत्रिकेत आपण लेसरने कापलेला मोर हौसेने छापून घेतो, मग मुलांच्या पुस्तकात एक खिडकी परवडत नाही, हे मला पटत नाही.

लोककलेकडे पाहिलं तर उंची शब्दशः दिसते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरमचे ताबूत बांबूच्या सांगाड्यावर रंगीत कागद चढवून शंभर फुटांपलीकडे जातात. बाशिंगं, मखरं, पताका हे सगळं कागदाचंच घराणं. 2018च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि पुठ्ठ्याच्या मखरांना मोठी बाजारपेठ मिळाली. सजावटकार नानासाहेब शेंडकरांनी घडीच्या पुठ्ठ्याची मखरं त्याच्या कितीतरी आधीपासून केली होती, त्यांची दृष्टी मानायला हवी. मात्र या संधीचं सोनं झालं असं म्हणवत नाही. थर्माकोलचा महाल गेला आणि तोच महाल पुठ्ठ्यात आला. खांब तेच, कमानी त्याच. पुठ्ठा वाकतो, दुमडतो, त्याच्या आतल्या नळ्या दिसू शकतात, या गुणांतून नवा आकार निघाला नाही. आमच्या तालुक्यातल्या शिक्रापूर-रांजणगाव पट्ट्यात कारखान्यांमुळे खोक्यांच्या पुठ्ठ्याला तोटा नाही. साहित्य दारात आहे.

आता एक नवी अडचण उभी आहे. संगणकावर ‘कागदी’ दिसणारी चित्रं काही मिनिटांत होतात. थर, सावली, फाटलेली कड, सगळं बनावट. जाहिरातीत आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ती सर्रास दिसतात. ती वाईटच असतात असं नाही. पण त्यांत सावली नेहमी सोयीची पडते. खऱ्या कागदात ती दिव्याबरोबर सरकते, पावसाळ्यात कागद फुगतो, आडव्या दिशेने घडी घातली तर चिरतो. हा विरोध सांभाळताना कलावंताला निर्णय घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांतून शैली येते. हरी आणि दीप्ती या जोडीच्या प्रकाशपेट्या पाहा. कापलेल्या कागदाचे थर, मागे दिवा आणि आत एक अख्खी गोष्ट. तत्त्व आपल्या आकाशकंदिलाचंच. कंदिलात मात्र आपण गोष्ट सांगायचा विचार केला नाही.

गोष्टी इथे कमी नाहीत. शिरूर तालुक्यातच मोराची चिंचोली आहे. टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याने दगड पोखरून केलेले ते थर बघितले की थरांच्या कातरकामाला याहून योग्य विषय शोधूनही सापडणार नाही असं वाटतं. म्हणून माझी विनंती दोघांना आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी येत्या वर्षी एक मुखपृष्ठ कागदाच्या कामाला द्यावं. त्यासाठी स्पर्धा घेऊ नये, मानधन ठरवून काम सांगावं, आणि छायाचित्रकाराबरोबर कागद कापणाऱ्याचंही नाव छापावं. आणि तालुक्यातल्या चित्रकला शिक्षकांनी पुढच्या प्रदर्शनात व्हिडिओवरून उतरवलेले ड्रॅगन थोडे कमी लावावेत, मुलांना एकदा तालुक्यातल्या ‘वेळ’ नदीच्या काठावर न्यावं, आणि तिथे दिसलेला खंड्या किंवा टिटवी त्यांना स्वतःच्या मनाने कापू द्यावी.