देवाजवळ जाणे आणि सोवळे सोडणे: ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

ख्रिस्ती श्रद्धेतील परिवर्तनाविषयी बोलताना आज आपण एक मराठी पुस्तक हाती घेऊ या: लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले. मराठी वाचक ते विनोदासाठी, संसारकथेसाठी, रसाळ बोलीसाठी वाचत आला, आणि ते योग्यच आहे. पण या कौतुकात पुस्तकातला एक प्रश्न मागे पडतो, असे आमचे म्हणणे आहे. माणूस देवाच्या जवळ जातो, तेव्हा त्याच्यात नेमके काय बदलते?

धर्मांतराच्या कथेचा आपल्या मनात एक ठरलेला साचा असतो. दमास्कसच्या वाटेवर एकाएकी प्रकाश पडतो आणि छळ करणारा शौल अनुयायी होतो. ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मध्ये मिलानच्या बागेतला क्षण येतो. आपण तिथेच थांबतो. पण बघा, त्या ग्रंथाचे भाग 13 आहेत आणि बाग येते 8व्या भागात. 10व्या भागात हाच ऑगस्टीन, आता बिशप झालेला, आपल्याला अजून कोणकोणते मोह सुटलेले नाहीत याची कठोर झडती घेतो. म्हणजे तो क्षण खरा, पण काम तिथून पुढे सुरू होते.

नारायण वामन टिळकांच्या कथेतही असा क्षण आहे. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. मधली पाच वर्षे हा आमच्या मते या पुस्तकाचा गाभा आहे. त्यात विरह आहे, संताप आहे, पुन्हा एकत्र येणे आहे. आणि एकत्र आल्यावरही स्वतःचे सोवळे सांभाळणे आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको लगेच झाली, असे घडले नाही बरं का!

आता पुस्तकाची सुरुवात आठवा. तिथे लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे पराकोटीचे सोवळे आहे. आपण ते वाचून हसतो आणि पुढे जातो. खरे तर पुढच्या सगळ्या प्रवासाची किल्ली तिथेच ठेवलेली आहे. त्या घरात वाढलेली मुलगी पुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागते, आणि हा बदल बाप्तिस्म्याच्या आधी होतो. आधी पाण्याचा तांब्या बदलला, मग धर्माचे नाव. हा क्रम महत्त्वाचा आहे.

यावर कोणी म्हणेल, ही तर समाजसुधारणा झाली; यात ईश्वर कुठे आला? आक्षेप बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. शुभवर्तमानात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी त्याच्याशी समेट करावा. म्हणजे देवाकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते. ग्रीक नव्या करारातला शब्द आहे ‘मेटानोइया’. आपण त्याला ‘पश्चात्ताप’ म्हणतो. त्या शब्दात मागे वळून जळणे आहे. मूळ शब्दात मनच पालटणे आहे. लक्ष्मीबाई जळत बसत नाहीत. त्या पालटतात.

आणि पालटलेला माणूस एकदम संत होतो, असेही हे पुस्तक म्हणत नाही. बाप्तिस्म्यानंतरचे टिळक त्यात तापट आहेत, हट्टी आहेत, पैशाच्या व्यवहारात भोळे आहेत. आणि अमाप उदारही आहेत. पत्नीने पतीच्या श्रद्धेचा आदर राखून त्याचे दोष असे हसत सांगावेत, ही साक्ष कोणत्याही स्तुतिग्रंथापेक्षा विश्वासार्ह वाटते.

तरीही एक उणीव नोंदवली पाहिजे. सोवळे सोडणे हे ज्याच्याकडे सोवळे होते त्याचे परिवर्तन आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्याने काय सोडायचे? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत अशा घरांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांच्यासाठी देवाजवळ जाणे म्हणजे कदाचित मान खाली घालण्याची सवय सोडून ताठ उभे राहणे असेल. ती बाजू ‘स्मृतिचित्रे’ आतून सांगू शकत नाही. तो लक्ष्मीबाईंचा दोष नव्हे, ती त्यांच्या जागेची मर्यादा आहे. पण आपण एका घराच्या अनुभवाला साऱ्यांचा अनुभव समजू लागलो, तर तो मात्र वाचक म्हणून आपला दोष ठरेल.

मग आपल्या हाती काय लागते? एक कसोटी. कोणी म्हणाले, ‘मी देवाच्या जवळ आलो,’ तर त्याच्या डोळ्यांतले पाणी पाहू नये. त्याच्या घरी कोण जेवते ते पाहावे. ही कसोटी सोपी नाही, आणि ती आधी स्वतःलाच लावायची असते.

पुढील व्याख्यानात आपण बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राकडे वळू. तिथे परिवर्तनाची वाट वेगळी आहे.