चहा मागणारा सेनापती

मराठीतले युद्धविषयक लेखन बहुतांशी शौर्याचे आहे. ठाणे जिंकले की प्रकरण संपते. लढाई थांबल्यावर, मने पेटलेली असताना, समोरच्याशी कोण आणि कसे बोलले, याकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. त्या दृष्टीने कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे 'फ्रॉम रेव्हिली टु रिट्रीट' (1986) हे इंग्रजी आत्मकथन वाचण्याजोगे आहे.

कोरियात भावाभावांत पेटलेले युद्ध जुलै 1953 मध्ये थांबले. मायदेशी परतायला नकार देणारे 22,604 चिनी व उत्तर कोरियन कैदी भारतीय सेनेच्या ताब्यात आले. त्या सेनेचे प्रमुख थोरात. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना तळात ओढून नेले. बाहेर बंदुका सज्ज होत्या. पण थोरात निःशस्त्र आत गेले आणि पाहुण्याला साधा चहा-सिगारेटही विचारत नाही काय, म्हणून कैद्यांनाच रागावले. यजमानपणाची लाज जागी झाली, बोलणी झाली, ग्रेवाल सुटले.

आमच्या हिवरा आश्रमच्या परिसरात बांधावरचा तंटा मिटवायला माणसे बसली की आधी चहा येतो. थोरातांनी हेच केले. समोरच्याला त्यांनी आधी यजमान केले, कैदी नंतर. अर्थात चहा म्हणजे जादू नव्हे. ऑक्टोबरच्या आरंभी त्याच छावणीत भारतीयांना गोळी चालवावी लागली, कैदी मेले.

या आत्मकथनाची मर्यादा त्याच्या प्रकारातच आहे. कैद्यांचा आवाज आपल्याला सेनापतीच्याच तोंडून ऐकू येतो. दोन्ही बाजू नाकारून 1954 मध्ये भारतात आलेल्या 88 जणांच्या मनात काय होते, हे त्यांच्याच लेखणीतून यायला हवे होते.

मेजर जनरल राजपाल पुनिया यांचे 'ऑपरेशन खुकरी' (2021) याच्याशेजारी ठेवून पाहावे. मुस्लिमबहुल सिएरा लिओनमध्ये 1999 च्या करारानुसार बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवायची होती. मे 2000 मध्ये त्यांनी कैलाहुनला भारतीय जवानांनाच वेढले. वेढा सुमारे 75 दिवस चालला आणि जुलैमध्ये लष्करी कारवाईने फुटला. पुस्तकाला नाव मिळाले ते कारवाईचे, बोलण्यात गेलेल्या दिवसांचे नाही. यशाची आपली फूटपट्टी कोणती, ते या शीर्षकावरूनच कळते.

आपल्याकडे दुसरी फूटपट्टी आहे. हुदैबियाच्या तहात (इ.स. 628) मक्केकरांनी हरकत घेताच हजरत मुहम्मद (स.) यांनी मसुद्यातून 'रसूलुल्लाह' हे शब्द काढायला लावले व 'मुहम्मद बिन अब्दुल्लाह' एवढेच लिहवून घेतले. सोबत्यांना तो कमीपणा वाटला. पुढे तोच तह मोठा विजय ठरला. सुलह करणाऱ्याला आधी स्वतःचा मान खाली ठेवावा लागतो, समोरच्याची शस्त्रे नंतर.

दंगलीनंतर अमन कमिटीचा माणूस समोरच्या गल्लीत एकटा जातो, तेव्हा तोही हेच करत असतो. आपल्या कथा-कादंबऱ्यांत जळालेली घरे आली. हा माणूस अजून पुरता आलेला नाही. मुस्लिम मराठी लेखकाने तो लिहावा. त्याला तो जवळून माहीत आहे.

— हिवरा आश्रम, जि. बुलढाणा