कीवर्डमध्ये न सापडलेली साथ

माझा पीएच.डी.चा विषय साथरोगांचं गणिती मॉडेलिंग. कवितेशी तसा काही संबंध नाही. पण कोर्सवर्कमध्ये एक छोटा प्रकल्प करायचा होता आणि मी विषय घेतला, १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे हिंदी कवितेत काय पडसाद उमटले. मग तुम्ही केलं असतं तेच केलं. इन्फ्लुएन्झा, ज्वर, महामारी अशी कीवर्डची यादी काढली आणि एका डिजिटल संग्रहात शोध लावला. हाती जवळजवळ काहीच लागलं नाही. भारतात त्या साथीत गेलेल्यांचे अंदाज १.२ कोटी ते १.८ कोटी असे आहेत. एवढे मृत्यू, आणि कविता नाही! सादरीकरणात मी ठोकून दिलं, ‘कवींनी या साथीकडे पाठ फिरवली.’ एका प्राध्यापिकांनी एवढंच विचारलं, “निराला वाचलेत का?”

वाचले नव्हते. आता वाचलेत, म्हणून हे लिहिते आहे.

सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ १९१८ मध्ये ऐन विशीत होते. पत्नी मनोहरादेवी डलमऊला, गंगेकाठी माहेरी होती. आजारी असल्याची तार आली, ते पोचले तोवर ती गेली होती. पाठोपाठ घरातली आणखी माणसं गेली. गंगा प्रेतांनी भरलेली त्यांनी पाहिली. हे सगळं ‘कुल्ली भाट’ या गद्य पुस्तकात साथीचा उल्लेख करून लिहिलेलं आहे, पण घटनेनंतर सुमारे वीस वर्षांनी. तुमच्या शोधाची चौकट १९१८ ते १९२२ अशी असेल, तर ते पुस्तक गाळलंच जाणार.

आणि कविता? ‘सरोज-स्मृति’ १९३५ ची. मुलगी सरोज अठरा वर्षं पूर्ण करून गेली, तिच्यावरची ही दीर्घ शोककविता. साथीचं नाव त्यात नाही. पण आई गेली तेव्हा सरोज जेमतेम वर्ष-सव्वा वर्षाची होती आणि पुढे आजोळीच वाढली, हे कळल्यावर कविता वेगळी दिसायला लागते. लग्नाचा भाग नीट वाचा. आमंत्रणं नाहीत, नातेवाईक नाहीत, लग्नाची गाणी नाहीत. आईने सांगायच्या गोष्टी बापच मुलीला सांगतो, तिची शेज बापच सजवतो. नटलेल्या मुलीत त्याला तिची आई दिसते. सतरा वर्षांपूर्वीची साथ कवितेत आहे ती इथे, आईने करायच्या कामांना माणूस नसण्यात. कुठला कीवर्ड लावणार याला?

कवितेत जे रोजचं आहे, तेच मला सगळ्यात खरं वाटतं. संपादकांकडून परत आलेल्या कविता घेऊन उदास बसलेला, गवत उपटून इकडेतिकडे फेकणारा बाप. दुसऱ्या लग्नाचा योग सांगणारी कुंडली छोट्या मुलीला खेळायला देणारा बाप, आणि तिने केलेले कुंडलीचे तुकडे. उलट कान्यकुब्ज समाजावर तो भडकतो, तो भाग मला पहिल्यांदा विषयांतर वाटला. अजूनही तो लांबलाय असंच वाटतं. पण रागाशिवाय ही कविता नुसती रडकी झाली असती, हेही आता पटतं.

एक सावधगिरी. ‘उल्लेख नाही, म्हणजे दडलेला असणार’ असं म्हणायला लागलो, तर कुठलीही कविता साथीची ठरेल. इथे मी तसं म्हणू शकते, कारण ‘कुल्ली भाट’चा स्वतंत्र पुरावा हाताशी आहे. तो नसता तर गप्प बसले असते.

आता याच्या शेजारी पारुल खख्खर यांची ‘शववाहिनी गंगा’ ठेवा. गुजराती, चौदा ओळी, मे २०२१ मध्ये फेसबुकवर आली आणि भराभर अनेक भाषांत गेली. पुन्हा गंगाच, पुन्हा प्रेतं. इथे शब्द शीर्षकातच आहे, शोध लावा की सापडते. ती थेट सत्तेला जाब विचारते. तिच्यातल्या मेलेल्यांना चेहरे नाहीत, आणि तिच्या कामाला ते लागतही नाहीत. २०२०-२१ साठी भारतातल्या जादा मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे ४७ लाख, सरकारी नोंद सुमारे ४.८ लाख, सरकारला तो अंदाज मान्य नव्हता. ही कविता त्या फरकावर बोट ठेवते, तेही आकडा यायच्या वर्षभर आधी. पण आणखी पंधरा वर्षांनी तिचं काय होईल आणि आत्ता कुठल्या वहीत काय लिहिलं जातंय, हे आज आपल्याला मोजता येणार नाही.

माझी मामी एप्रिल २०२१ मध्ये गेली. गेल्या डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न झालं. पत्रिकेत मामीच्या नावाआधी ‘कै.’, बाकी काही नाही. रुखवताची यादी मामीच्याच अक्षरात अर्धी लिहिलेली सापडली, उरलेली आईने पूर्ण केली. झालीच्या वेळी मामाशेजारी कोण बसणार, यावर घरात चार दिवस कुणी बोलेना. शेवटी माझे आईबाबा बसले आणि मामा मांडवाच्या मागे पाण्याचे जार मोजत उभा राहिला.

ती पत्रिका मी स्कॅन करून ठेवली आहे. फाइलला नाव काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.