रुतलेले जहाज

दिवाळीच्या किल्ल्याकडे आपण कलाकृती म्हणून पाहत नाही. त्यामुळे त्याचा एक विशेष सहसा आपल्या लक्षात येत नाही. मातीचा ढीग, त्यावर पेरलेले अळीव, पायथ्याशी आरशाचे तळे, दरवाज्यावर मातीचे मावळे आणि माथ्यावर सिंहासनस्थ महाराज, हा देखावा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण तटाला खिंडार पडलेला, तोफा उलथलेला किल्ला एखाद्या मुलाने केल्याचे मी तरी कधी पाहिले नाही. आपल्याकडच्या लहान प्रतिकृतींचा स्वभावच सणाचा आहे. तिथे सारे काही अखंड असते. गणपतीच्या देखाव्यांत लढाई येते, क्वचित रक्तही येते. पण शेवटी दिवे लागतात, चौघडा वाजतो आणि प्रेक्षक समाधानाने पुढच्या मंडपाकडे वळतो.

म्हणूनच आमच्या गोरेगावात एका घराच्या ओसरीवर मोडलेल्या युद्धनौकेचा देखावा उभा राहिला, तेव्हा त्याविषयी गंभीरपणे लिहावे असे मला वाटले. हे गोरेगाव मुंबईचे नव्हे. हे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले, कापूस-सोयाबीन-तुरीचे. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरांच्या पलीकडे. देखावा करणारा माझा भाचा. विजेच्या मोटारी दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. नाते आहे म्हणून मी हात आखडता घेणार नाही, आणि निःपक्षपाती दिसावे म्हणून त्याला मुद्दाम झोडपणारही नाही.

त्याने निवडलेले जहाज ‘अफोन्सो द अल्बुकर्क’. ज्या अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला त्याचेच नाव या पोर्तुगीज युद्धनौकेला दिलेले होते. १९३४ साली ती इंग्लंडमध्ये पाण्यात उतरली. लांबी सुमारे शंभर मीटर, मुख्य तोफा चार. १८ डिसेंबर १९६१ रोजी, गोवामुक्तीच्या कारवाईत, ती मुरगाव बंदरापाशी होती. दुपारी बाराच्या सुमारास भारतीय नौदलाच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेटी पुढे आल्या, शरण येण्याचा इशारा दिला गेला, आणि मग साडेचार इंची तोफांचा मारा सुरू झाला. पोर्तुगीजांनीही उलट मारा केला. एक गोळा जहाजाच्या माथ्यावर फुटला. त्यात रेडिओ-अधिकारी ठार झाला आणि कॅप्टन आरागांव जबर जखमी झाले. थोड्याच वेळात जहाजाने तोंड फिरवले आणि ते बांबोळीच्या किनाऱ्यावर वाळूत जाऊन रुतले. तोफा त्यानंतरही काही वेळ चालू होत्या. मग खलाशी किनाऱ्यावर उतरले, आणि शेवटी उतरलेल्यांनी जहाजाला आग लावली. हे सगळे तासाभरात आटोपले.

आता देखाव्याकडे वळू. प्रमाण दोनशेला एक, म्हणजे शंभर मीटरांचे जहाज अर्ध्या मीटरात आले. सागवानाच्या पातळ फळ्या थरावर थर चिकटवून जहाजाचे अंग कोरले आहे. वरचे मजले तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे. तोफांच्या नळ्या इंजेक्शनच्या सुयांच्या. डोलकाठ्यांचे ताण मोटारीच्या जुन्या गुंडाळीतून सोडवलेल्या तांब्याच्या तारेचे. या तारेचे मला विशेष कौतुक वाटले. रेशमी धागा कितीही ताणला तरी त्याला लव दिसते, आणि दोनशेपट मोठी करून पाहिली तर ती लव हाताएवढी होईल. तार गुळगुळीत राहते. धंद्यातली वस्तू कलेत अशी चपखल बसते तेव्हा कारागिराची नजर समजते.

पाण्याची रेषा काढण्याची त्याची युक्तीही सांगण्यासारखी आहे. जहाज अर्धवट पाण्यात दाखवायचे तर बुडालेला भाग कापून टाकावा लागतो, आणि तो नेमका कुठे कापायचा हे डोळ्याने कळत नाही. त्याने लाकडी अंग घंगाळात सोडले, आत शिशाचे तुकडे ठेवून हवे तसे कलवले आणि पाणी लागले त्या रेषेवर पेन्सिल फिरवली. पाण्याने स्वतःच रेषा आखून दिली! त्यानंतर रेझिनचे थर. एकदम ओतले तर रेझिन तापते आणि तडकते, म्हणून पातळ थर घालून दरवेळी वाळू द्यावे लागते. एक दोष मात्र राहिला. रेझिन जहाजाच्या अंगाला चिकटून वर चढते. हा चढ दीड मिलिमीटर असला तरी मापाने तो तीस सेंटिमीटर होतो. समुद्र जहाजाला बिलगून बसल्यासारखा दिसतो. पण हा हाताचा दोष आहे. हात सुधारतो. मला बोलायचे आहे ते दृष्टीच्या दोषांविषयी.

पहिला दोष कलण्याचा. देखाव्यातले जहाज एका कुशीवर इतके झुकले आहे की आता उलटते की मग. पाहणाऱ्याच्या तोंडून ‘अरेरे’ निघते, आणि कारागिराला तेच हवे होते. पण हे जहाज बुडाले नव्हते. ते बसले होते. त्याला तरंगायला जेमतेम चार मीटर पाणी पुरे. असे जहाज उथळ वाळूवर चढले की ते बैठक मारते, पाताळात जात नाही. खरोखरच अर्धे बुडणे पाहायचे असेल तर मुंबईच्या गोदीतली ‘विंध्यगिरी’ आठवावी. जानेवारी २०११ मध्ये एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन तिला आग लागली आणि ती धक्क्यालाच बुडून बसली. बुडणे आणि रुतणे यांत भाषेने फरक केला आहे, तो उगाच नव्हे. बुडणाऱ्याच्या हातात काही नसते. बांबोळीत मात्र कोणीतरी सुकाणू फिरवले होते. अतिरेकी कल देऊन भाच्याने तो निर्णयच पुसून टाकला.

दुसरा दोष काळाचा, आणि तो मला अधिक खटकतो. चिमणीतून आणि मधल्या मजल्यातून कापसाचा काळा धूर निघतो आहे. म्हणजे वेळ १८ डिसेंबरच्या दुपारची. पण जहाजाच्या अंगावर गंजाचे ओघळ आहेत, रंगाचे पोपडे सुटले आहेत, नांगराच्या साखळीखाली तांबडी धार आहे. हा गंज सुंदर रंगवला आहे यात शंका नाही. पण तो आला कुठून? सकाळपर्यंत नौदलाच्या शिस्तीत रंगवलेले, घासलेले जहाज दुपारी एक वाजता गंजत नाही. गंज नंतरचा, हे जहाज १९६२ पर्यंत किनाऱ्यावर पडून होते तेव्हाचा. धूर एका दिवसाचा आणि गंज कित्येक महिन्यांचा, असे दोन काळ त्याने एकाच पाण्यात उभे केले आहेत. देखावा म्हणजे थांबवलेला एक क्षण. कोणता क्षण, हे आधी ठरवावे लागते. त्या जागी भरती-ओहोटीत पाण्याची उंची सुमारे दोन मीटरांनी बदलते, म्हणजे या प्रमाणात एक सेंटिमीटर. घड्याळ ठरवल्याशिवाय पाण्याची रेषासुद्धा खरी काढता येणार नाही. पडझडीचे सौंदर्य हा हल्ली या छंदातला मोठा मोह झाला आहे. गंज, धूळ, भोके यांवर आठवडे खर्च होतात आणि प्रसंग मागे पडतो.

पाणी गडद निळे आहे. झुवारीच्या मुखाशी, किनाऱ्यालगत, इतके निळे पाणी फक्त कॅलेंडरवर सापडते. असो.

आता बावट्याविषयी. त्या दिवशीच्या हकिकतींत एक गोष्ट सांगितलेली आहे. मारा चालू असताना जहाजावर शरणागतीचे पांढरे निशाण चढवले गेले. पण ते डोलकाठीभोवती गुंडाळले गेले, भारतीय जहाजांना दिसले नाही, आणि गोळे पडत राहिले. भाच्याला ही गोष्ट ठाऊक होती, म्हणून त्याने निशाण लावले आहे. मात्र ते छान फडकते आहे. सिगारेटच्या चांदीच्या कागदाला पांढरा रंग देऊन त्याला अशा लाटा दिल्या आहेत की ओसरीवर शिरताच नजर तिथे जाते. मी विचारले, तर तो म्हणाला, “मामा, गुंडाळलेलं दाखवलं तर कुणाला दिसेल?”

दिसणार नाही, हेच तर त्या निशाणाचे सारे आयुष्य! ते दिसले असते तर पुढचा मारा झाला नसता. फडकणारे निशाण दाखवले की समोरच्या तोफा शरण आलेल्यांवर गोळे टाकत होत्या असा अर्थ निघतो, आणि तो ‘बेतवा’-‘बियास’वरच्या खलाशांवर अन्याय आहे. गुंडाळलेले दाखवले की दोन्हीकडची माणसे एकाच वेळी खरी ठरतात: शरण आलेली आणि ते न कळलेली. सव्वा सेंटिमीटर कागदात एवढा फरक पडतो. सालाझारच्या सत्तेसाठी डोळ्यांत पाणी आणण्याचे आपल्याला कारण नाही. गोवा सुटला याचा आनंद जसा आहे तसाच राहतो. पण लढाई संपल्यावर ‘बेतवा’ आणि ‘बियास’चे कमांडर पणजीत अंथरुणावर पडलेल्या जखमी आरागांवांना भेटायला गेले होते. त्यांना जे जमले ते साठ वर्षांनंतर एखाद्या देखाव्याला जमायला हरकत नसावी.

शेवटचा दोष आमच्या आक्कांनी सांगितला. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. चष्मा लावून त्या देखाव्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, “माणसं कुठं गेली?” मला इतके परिच्छेद लागले, त्यांना तीन शब्द पुरले. जहाजावर माणूस नाही, पाण्यात नाही, आणि किनाऱ्यावर असण्याचा प्रश्नच नाही, कारण किनाराच नाही! फळी संपते तिथे समुद्र कापला आहे. चारही बाजूंनी पाणीच. वाळूत रुतलेल्या जहाजाला वाळूपासून तोडल्यावर उरले ते एक मोडके खेळणे.

दीवला एका टेकाडावर ‘खुकरी’चे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेल्या या जहाजाबरोबर १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबरच बुडाले. तिथे काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती आहे, ती अखंड. कुठे ओरखडा नाही. मला ते योग्य वाटते: ते स्मारक आहे, आणि आप्तांना जहाज तसेच आठवायचे असते. स्टॉकहोमलाही तेच आहे. १६२८ साली बुडालेले ‘वासा’ १९६१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आपल्या गोव्याच्याच वर्षी, वर काढले गेले. आज खरे जहाज समोर उभे आहे, म्हणून शेजारची प्रतिकृती रंगीत, शिडे उभारलेली, नवी कोरी असली तरी चालते. ‘अल्बुकर्क’चे तसे नाही. ते मुंबईला ओढत आणून भंगारात विकले गेले. बांबोळीला आज जाऊन पाहावे तर वाळू आणि लाटा. म्हणून ओसरीवरच्या या अर्ध्या मीटर लाकडाकडून मी जरा अधिक मागतो.

किनारा जोडायचे भाच्याने कबूल केले आहे. साडेआठ मिलिमीटरांची माणसे तो तांब्याच्याच तारेची करणार आहे. त्यांत एकाला तरी दोघांनी उचललेले असावे, असे मी सुचवले आहे. वाळू मात्र त्याने नदीची आणून ठेवली आहे, ती चालणार नाही. तिचा एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात वीतभर धोंडा होतो. त्यापेक्षा घरातली रांगोळी तलम फडक्यातून दोनदा गाळून घ्यावी, आणि पिवळी पडायला चिमूटभर गेरू पुरे.