काळ्या वाळूतलं पांढरं मूळ

काही शास्त्रीय लेख कवितेसारखे पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात. जुलै १९९५ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात आलेलं कुवेत विद्यापीठाच्या समीर रदवान आणि सहकाऱ्यांचं टिपण माझ्यासाठी तसं आहे. लांबी एका पानाची, विषय मुळांभोवती होणारं तेलाचं विघटन.

त्यामागचं वर्ष १९९१. माघार घेणाऱ्या इराकी फौजेने कुवेतच्या ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग नोव्हेंबरात विझली, पण वाळवंटात तेलाची तळी साचली आणि वाळू काळी पडली. त्या काळ्या वाळूत काही रानझाडं उगवलेली दिसली. त्यांतलं एक सेनेशिओ, पिवळ्या फुलांचं, आपल्या शेवंती-झेंडूच्या कुळातलं. ते उपटलं तर मुळं पांढरी, निरोगी! त्यांना बिलगलेली वाळूसुद्धा स्वच्छ. बाजूची मात्र तेलाने काळी.

मी इथेच थबकतो. तण उपटलं की आपण मूळ झटकतो आणि माती टाकून देतो. या मंडळींनी ती चिकटलेली वाळूच तपासायला घेतली. तिच्यात तेलावर जगणारे जिवाणू सापडले. झाड तेल पिऊन टाकतं, असं अनेकदा लिहिलं जातं. ते मला खटकतं, कारण त्यात खरी गंमतच हरवते. मूळ साखर आणि आम्लं पाझरतं, वाळूत हवेला वाट करून देतं. त्या आसऱ्याला जिवाणू वाढतात आणि तेल फोडतात ते तेच. मूळ यजमान आहे, आणि त्याच्या पंगतीनेच त्याचं अंगण स्वच्छ होतं.

पण नुसत्या तुपावर आपलं पोट भरत नाही, तसं नुसत्या तेलावर जिवाणूंचं भागत नाही. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. वाढीसाठी नायट्रोजन हवा, फॉस्फरस हवा, ओल हवी. वाळवंटात तिन्हींची वानवा. आणि ही तिन्ही एकत्र मिळतात ती शहराच्या सांडपाण्यात. कुवेतला बारमाही नदी नाही, पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून घ्यावं लागतं. अशा देशात न्हाणीघरातून वाहून गेलेलं पाणी शुद्ध करून झाडांना देणं आणि त्या झाडांच्या मुळाशी तेलकट माती निवळू देणं, ही जुळणी मला फार देखणी वाटते. पाणी मात्र प्रक्रिया केलेलंच हवं. कच्चं सांडपाणी रोगजंतू आणि कधी जड धातूही घेऊन येतं.

मुळांच्या या कामाला मर्यादा आहेत. तेलाचा जाड थर बसला तिथे बीच रुजत नाही. हलके घटक लवकर फुटतात, डांबरासारखे जड घटक वर्षानुवर्षं तसेच राहतात. मूळ जितकं खोल, सफाई तितकीच खोल. यंत्राने उपसून माती धुण्याइतकं हे झटपट नाही. ज्याला घाई आहे त्याच्या हे कामाचं नाही.

कुवेतमध्ये घर केलेल्या मराठी वाचकांनो, हिवाळी पावसानंतर वाळवंटात पिवळी फुलं डोलताना दिसली तर थोडं थांबा. त्यांत बहुधा सेनेशिओही असेल.