सूचक आणि सूचित : जठराच्या कर्करोगातील प्रथिन-सूचकांच्या परिभाषेची चिकित्सा

जठराच्या कर्करोगाविषयी गेल्या तीन-चार दशकांत जे संशोधनपर वाङ्‌मय निर्माण झाले आहे, त्यात ‘सूचक’ या अर्थाच्या शब्दाइतका वारंवार वापरला गेलेला आणि इतका कमी तपासला गेलेला शब्द क्वचितच सापडेल. अर्बुदाच्या पेशींवर किंवा रोग्याच्या रक्तात एखादे प्रथिन आढळते. ते ज्यांच्यात अधिक आढळले ते रोगी लवकर दगावले असे दिसते. आणि निबंधाच्या शीर्षकात ते प्रथिन ‘रोगगतीचे भाकीत करणारे सूचक’ म्हणून विराजमान होते. या चार शब्दांच्या समासात दोन भिन्न विधाने एकत्र बांधली गेली आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. ही विधाने एकमेकांपासून सोडवून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. तो वैद्यकाइतकाच अर्थविचाराचाही आहे.

इंग्रजी परिभाषेत ‘प्रोग्नॉस्टिक’ आणि ‘प्रेडिक्टिव्ह’ असे दोन शब्द वेगळे राखलेले आहेत. पहिला शब्द रोगाच्या गतीविषयी बोलतो : उपचार कोणताही असो, या रोग्याचे पुढे काय होण्याचा संभव आहे? दुसरा शब्द विशिष्ट उपचाराविषयी बोलतो : हे औषध दिले तर याच रोग्याला, इतरांपेक्षा, अधिक गुण येईल काय? व्युत्पत्तीने पाहिले तर दोहोंचाही अर्थ ‘आधी जाणणे’ वा ‘आधी सांगणे’ एवढाच निघतो. भेद संकेताने पाडलेला आहे, शब्दाच्या अंगभूत अर्थाने नव्हे; आणि संकेताने पाडलेला भेद निष्काळजी वापराने चटकन पुसला जातो. मराठीत तर तो पडण्यापूर्वीच पुसला गेला आहे. ‘पूर्वानुमान’, ‘भाकीत’, ‘पूर्वसूचक’ हे शब्द दोन्ही ठिकाणी सारखेच योजले जातात. ‘भाकीत’ या शब्दाला तर ज्योतिषाचा वास आहे. तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात ग्रह फिरू लागतात, औषध नव्हे.

वास्तविक या भूमीतील जुन्या वैद्यकाने हा भेद ओळखलेला होता. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात अरिष्टांचे विवेचन आहे. अरिष्ट म्हणजे मरणाची पूर्वखूण. त्याचा संबंध केवळ गतीशी, उपायाशी नाही. उलट निदानपंचकात निदान, पूर्वरूप, रूप आणि संप्राप्ती यांच्या जोडीने ‘उपशय’ हे स्वतंत्र साधन मानले आहे. अमुक औषध, अन्न वा विहार दिल्यावर रोग्याला बरे वाटते की नाही, यावरून रोग ओळखणे म्हणजे उपशय. अर्थात उपशयात औषध आधी द्यावे लागते आणि आधुनिक सूचक ते देण्यापूर्वीच बोलू पाहतो. तेव्हा दोन्ही कल्पना तंतोतंत एक नव्हेत. परंतु गतीची खूण निराळी आणि उपायाची खूण निराळी, हा विवेक तेथे आहे. (जाता जाता असेही नोंदवावे की, ‘निदान’ हा शब्द तेथे रोगाचे कारण सांगतो. मराठीत तो रोग ओळखण्याला लावला जातो आणि अव्यय म्हणून ‘किमानपक्षी’ असाही अर्थ देतो. परिभाषा किती लवकर घर बदलते, याचे हे घरचेच उदाहरण.)

अरिष्टासंबंधी चरकाने केलेले एक विधान या विषयाच्या अभ्यासकाने जवळ ठेवण्यासारखे आहे. फळापूर्वी फूल यावे तसे मरणापूर्वी अरिष्ट येते, असा दृष्टांत दिल्यावर तो दृष्टांताची मर्यादाही सांगतो : फळ न धरणारे फूल असू शकते, फुलावाचून आलेले फळही असू शकते, पण उत्पन्न झालेले अरिष्ट मरणावाचून जात नाही, आणि अरिष्टावाचून मरण येत नाही. दोन्ही बाजूंनी निरपवाद व्याप्तीचा हा दावा आहे. त्याला लागूनच अशी सूचनाही आहे की, अज्ञ वैद्य अरिष्ट नसलेल्या खुणेला अरिष्ट समजतो. आजच्या कोणत्याही प्रथिन-सूचकाला पहिला दावा करता येत नाही. फुलाची उपमाच त्याला अधिक शोभते. दुसरी सूचना मात्र त्याला पुरेपूर लागू पडते.

गतिसूचकांचा पहिला दोष तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष, पण अग्नीवरून धुराचे अनुमान सदोष. कारण मध्ये ओल्या सरपणाची उपाधी असते आणि तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. जठराच्या कर्करोगात ओल्या सरपणाचे काम रोगाची अवस्था करते. अर्बुद जठराच्या भिंतीत किती खोल गेले, किती लसीकाग्रंथींत पोचले, दूरच्या अवयवांत पसरले काय, या गोष्टी रोगगती ठरवितात. एखादे प्रथिन खोल गेलेल्या अर्बुदांत अधिक आढळत असेल, तर ते मरणाशी जोडलेले दिसणारच. पण त्याने अवस्थेपलीकडे काही सांगितले काय, हा प्रश्न उरतोच. १९६५ साली माँट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या अर्बुदांत व गर्भाच्या आतड्यात सापडणारे ‘सीईए’ हे द्रव्य दाखविले. जठराच्या रोगात ते वाढते खरे, पण बहुतांशी रोग पसरल्यावर; आणि धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात ते कर्करोगावाचूनही वाढलेले असू शकते. ‘सीए १९-९’ ची कथा याहून बोधक आहे. त्याला सर्रास प्रथिनांच्या यादीत बसवितात. वस्तुतः प्रतिपिंड जे ओळखते ती एक शर्करांची साखळी होय. ज्यांच्या शरीरात ल्युइस रक्तगटाची आवश्यक विकरे नाहीत त्यांना ती साखळी बनविताच येत नाही. अशा रोग्याच्या अहवालातील अल्प आकडा आशेचा वाटतो, पण तो निरर्थक असतो. ज्याच्या वर्णमालेत एखादे अक्षरच नाही, त्याच्या लेखनात ते आले नाही म्हणून निष्कर्ष काढण्यासारखे ते आहे.

दुसरा दोष वाङ्‌मयाचा आहे. कर्करोगाच्या गतिसूचकांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दीड हजारांहून अधिक निबंधांची छाननी कायझास, इओआनिडिस आदींनी केली आणि २००७ साली ती प्रसिद्ध केली. नव्वद टक्क्यांहून अधिक निबंधांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण असे काहीतरी सापडल्याचे म्हटले होते. एवढी यशस्वी विद्या रुग्णालयात जवळजवळ कोठेच दिसत नाही, ही विसंगती बोलकी आहे. २००५ सालीच ‘रिमार्क’ या नावाने अशा निबंधांनी कोणत्या वीस बाबी नोंदवाव्यात याची सूची प्रसिद्ध झाली होती. तिचे पालन मात्र रखडतच झाले.

पण या दोन दोषांनी होते ती फार तर दिशाभूल. गतिसूचकालाच उपायसूचक समजणे हा तिसरा दोष याहून गंभीर. त्याने प्रत्यक्ष अपाय होऊ शकतो. ‘मेट’ या प्रथिनाचा इतिहास येथे तपशिलाने पाहण्याजोगा आहे. मेट हा पेशीच्या आवरणावरील ग्राही. यकृतपेशी-वृद्धिघटक त्याला येऊन चिकटला की पेशी वाढते आणि हालचाल करते. जठराच्या अर्बुदांत मेट अधिक असणे हे वाईट गतीचे लक्षण, असे अनेक निबंधांनी मांडले होते. त्यातून एक स्वाभाविक वाटणारी उडी घेतली गेली : ज्याच्यामुळे गती वाईट होते ते रोखले की गती सुधारेल. वृद्धिघटकाला अडविणारे रिलोटुमुमॅब हे प्रतिपिंड रसायनोपचाराच्या जोडीने देऊन पाहण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, एकूण १२१ रोग्यांच्या लहान चाचणीत मेट-युक्त रोग्यांचे मध्यक आयुष्य प्रतिपिंड मिळालेल्या गटात १०.६ महिने, न मिळालेल्या गटात ५.७ महिने आढळले. मग केवळ मेट-युक्त ६०९ रोगी घेऊन ‘रायलोमेट-१’ ही मोठी चाचणी झाली. प्रतिपिंडाच्या गटात मृत्यू अधिक होत आहेत असे दिसल्यावर २०१४ मध्येच ती थांबवावी लागली. अंतिम आकडे असे : प्रतिपिंडासह ८.८ महिने, प्रतिपिंडावाचून १०.७ महिने.

या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. पहिली उघड आहे. उपाय अपायकारक ठरला. दुसरीकडे सहसा लक्ष जात नाही. मेट-युक्त आणि प्रतिपिंड न मिळालेले रोगी एका चाचणीत ५.७ महिने जगले, दुसरीत १०.७ महिने. सूचक तेच, सोबतचा रसायनोपचारही त्याच धर्तीचा; मग गती इतकी निराळी कशी? पहिल्या चाचणीतील तो गट लहान होता, आणि लहान गटात दैवयोग फार बोलतो. वाईट गतीची म्हणून जी खूण मानली, तिच्या वाईटपणाचा मोठा भाग त्या लहान गटाच्या दैवयोगाचा असावा, असे मानण्यास जागा आहे.

भाषाशास्त्रातील एका साध्या रीतीची येथे आठवण होते. ल आणि ळ हे मराठीत अर्थभेदक वर्ण आहेत, हे सिद्ध करण्यास ‘काळ’ हा एकच शब्द पुरत नाही. ‘काल’ समोर ठेवावा लागतो आणि बाकी सारे समान राखावे लागते. सूचक उपायाचा आहे हे सिद्ध करण्यास तर चार घरे भरावी लागतात : सूचक असलेले व नसलेले, आणि त्या दोहोंतही औषध मिळालेले व न मिळालेले. एका घराकडे पाहून काढलेला निष्कर्ष म्हणजे ‘काळ’ या एका शब्दावरून रचलेले वर्णविचाराचे प्रकरण होय.

या कसोटीला सर्वांत यशस्वी ठरलेला सूचकही पूर्णांशाने उतरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. ‘हर-२’ या ग्राहीला लक्ष्य करणारे ट्रास्टुझुमॅब १९९८ पासून स्तनाच्या कर्करोगात रूढ होते. जठराच्या रोगासाठी ‘टोगा’ चाचणीत ३,६६५ अर्बुदे तपासण्यात आली; ८१० म्हणजे सुमारे २२ टक्के हर-२ युक्त निघाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधासह मध्यक आयुष्य १३.८ महिने, केवळ रसायनोपचाराने ११.१ महिने होते. या चाचणीत हर-२ विरहित रोगी घेतलेच नव्हते. चारांपैकी दोन घरे रिकामी होती. तथापि आतून एक पुरावा मिळाला. ज्यांच्या पेशींवर प्रथिन विपुल होते त्यांच्यात अंतर १६.० विरुद्ध ११.८ महिने असे वाढले. ज्यांच्यात जनुकाच्या प्रती वाढलेल्या पण प्रथिन तुरळक, त्यांच्यात लाभ दिसला नाही. खुणेच्या मात्रेबरोबर परिणामाची मात्रा बदलते, हा पुरावा चार घरांची जागा घेत नसला तरी क्षुल्लक नव्हे. हर-२ असल्याने जठराच्या रोगाची गती मुळातच वाईट होते काय, यावर मात्र निबंध आजही परस्परविरुद्ध साक्ष देतात. उपायसूचक म्हणून तो उपयोगी पडला. गतिसूचक म्हणून संदिग्धच राहिला.

शिवाय खूण वाचण्याची रीत अवयवागणिक बदलते. स्तनाच्या पेशीभोवती हर-२ चा रंग पूर्ण वेढा घालतो. जठराच्या ग्रंथिपेशीत पोकळीकडील कडा बहुधा कोरी राहते आणि रंग इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा दिसतो. स्तनासाठी केलेले नियम जठराला लावले तर खरी खूणही नाकारली जाते. म्हणून २००८ साली हॉफमन आदींनी जठरासाठी निराळे मापन सुचविले. एकच लिपी दोन भाषांना वापरली की उच्चाराचे नियम वेगळे सांगावे लागतात, तसाच हा प्रकार. त्या मापनातील चिन्हेही नवख्याला फसविणारी आहेत : ०, १+, २+, ३+. यांपैकी १+ चा अर्थ ‘नाही’ असा घ्यावयाचा असतो, आणि २+ चा अर्थ ‘जनुकाची तपासणी करून मग सांगू’ असा. अधिक चिन्हाने नकार व्यक्त करणारी दुसरी लेखनपद्धती शोधूनही सापडणे कठीण.

तेव्हा मराठीत ही परिभाषा घडविताना दोन शब्द वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. ‘गतिसूचक’ आणि ‘उपायसूचक’ ही जोडी बोजड नाही, आणि दोन्ही पदांचा विग्रह सामान्य वाचकाला करता येतो. ‘पूर्वानुमान’ हा शब्द हवामानखात्याकडेच राहू द्यावा.

या भेदाची निकड क्लॉडिन १८.२ या प्रथिनाने नव्याने दाखविली आहे. निरोगी जठराच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट सांधणारे हे प्रथिन अनेक अर्बुदांतही टिकून राहते. त्याच्या असण्यानसण्याने रोग्याच्या आयुष्यात फरक पडतो, असे बहुसंख्य पाहण्यांत आढळले नाही; गतिसूचक म्हणून ते निरुपयोगी ठरून बाजूला पडले असते. परंतु त्यालाच लक्ष्य करणाऱ्या झोल्बेटुक्सिमॅबने, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पॉटलाइट’ चाचणीत, मध्यक आयुष्य १५.५४ महिन्यांवरून १८.२३ महिन्यांवर नेले. २०२४ साली जपानमध्ये व त्यानंतर अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध देण्यापूर्वी किमान ७५ टक्के अर्बुदपेशींवर मध्यम ते गडद रंग दिसावा लागतो. तसा दिसला की अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ असे लिहिले जाते. २०२० च्या साथीनंतर मराठी घरांत या शब्दाचा अर्थ एकच झाला आहे. अहवाल हाती घेऊन बाहेर बाकावर बसलेला मुलगा तो शब्द वाचतो आणि आत जाऊन आईला काय सांगावे याचा विचार करू लागतो. आणि त्या शब्दाने त्याला कळवावयाचे होते ते एवढेच की, देता येण्याजोगे आणखी एक औषध आहे.